कोकणात ‘इस्राएल’, इस्रायलमध्ये ‘होदी’

पेणकर, रोहेकर, किहीमकर, नागावकर. रायगडातल्या गावांची ही आडनावं लावणारी माणसं आज अश्दोद, दिमोना, लोद इथे राहतात. धर्माने यहुदी, बोलीने मराठी. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवत म्हणून कोकणात त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. 1948 मध्ये इस्रायल झालं आणि हे लोक, म्हणजे बेने इस्राएल, तिकडे निघाले. इथे त्यांना कुणी छळलं नव्हतं. आपल्या माणसांत जायचं, एवढीच ओढ.

परदेशी जाणारा एरवी परकेपणाची थोडी तयारी करूनच विमानात बसतो. हे तर ‘घरी’ निघाले होते, त्यामुळे मार जास्त लागला. वाळवंटातल्या नव्या वसाहती, अंगमेहनतीची कामं, न कळणारी हिब्रू, सावळ्या रंगावरून टोमणे. 1951 मध्ये बीरशेबातल्या काहींनी तेल अवीवला धरणं धरलं: आम्हाला भारतात परत पाठवा! काही जण खरोखरच परत आले. पुढे त्यांतले बरेच पुन्हा तिकडे गेले. (याला धरसोड म्हणणाऱ्याने एकदा घर सोडून पाहावं.)

खरी जखम नंतरची. बेने इस्राएल मुलामुलींची लग्नं लावण्याआधी पूर्वजांची चौकशी करा, असं मुख्य रब्बींच्या कचेरीने 1962 च्या सुमारास फर्मावलं. शतकानुशतकं शनिवारचा शब्बाथ पाळणाऱ्यांना ‘तुम्ही खरे यहुदी का’ हा प्रश्न! 1964 मध्ये जेरुसलेमला आंदोलन पेटलं, क्नेसेटमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, वादळी चर्चा झाली, सरकारने त्यांना सर्वार्थाने यहुदी ठरवलं आणि रब्बींना फर्मानातून समाजाचं नाव गाळावं लागलं.

आपलं जपत नव्यातही मिसळणारे स्थलांतरित मनाने सहसा अधिक सावरलेले असतात, असं कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी सांगतात. मात्र यजमान समाजानेही दार उघडं ठेवायला हवं, ही त्यांचीच अट; रब्बींच्या फर्मानाने नेमकं तेच दार लोटलं होतं. ‘जुळवून घ्या’ असा उपदेश करणारे ही अट हमखास विसरतात.

गंमत म्हणजे कोकणात शेजारी ज्यांना ‘इस्राएल’ही म्हणत, ते इस्रायलमध्ये ‘होदी’ झाले, म्हणजे भारतीय. मग त्यांनी हे भारतीयपणही जपलं. महाराष्ट्र दिन साजरा होतो, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघालं. आणि मलिदा. एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्यात उतरला होता, अशी या समाजाची श्रद्धा. त्याच्या नावाने पोहे, खोबरं, साखर, वेलची आणि फळांचं हे मलिद्याचं ताट लग्नकार्याला, नव्या घरात तिथेही मांडलं जातं. पोहे तिथेही आधी भिजवावेच लागतात.