सिग्नलच्या दिव्यांना किती मोठा ट्रान्सफॉर्मर लागतो? चौकातलं साधं गणित

तुमच्या फोनचा चार्जर हातात घ्या आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचा. आउटपुट 5 व्होल्ट, 2 अँपिअर असं काहीतरी दिसेल. म्हणजे 10 वॅट. फोनला त्याहून जास्त हवं असेल तर चार्जिंग हळू होतं, बाकी काही बिघडत नाही. पण हाच हिशोब चौकातल्या सिग्नलचा चुकला तर? दिवे मंद दिसतात, नाहीतर ट्रान्सफॉर्मर तापून अख्खा सिग्नल बंद पडतो. मग चारही बाजूंच्या गाड्या एकदम चौकात.

म्हणून योग्य साइज कशी काढतात, ते एका उदाहरणातून बघू.

1. एका वेळी पेटणारे दिवे मोजा

समजा चार रस्त्यांचा चौक आहे आणि प्रत्येक रस्त्याला दोन सिग्नल. म्हणजे 8 सिग्नल, 24 दिवे. पण लाल, पिवळा, हिरवा यातला एकच दिवा एका वेळी पेटतो. म्हणजे चालू दिवे फक्त 8. एक एलईडी दिवा 12 वॅटचा धरला तर झाले 96 वॅट. पादचाऱ्यांचे 8 सिग्नल, प्रत्येकात एक दिवा चालू, 8 वॅटचा: आणखी 64. एकूण 160 वॅट.

इथे नेहमी सगळ्यात जास्त दिवे पेटतात तो क्षण धरायचा. ब्रिटनमध्ये हिरवा लागायच्या आधी लाल आणि पिवळा एकत्र पेटतात. तिथे हे जास्तीचे दिवेही मोजावे लागतात.

2. वॅटचे व्हीए करा

घरच्या इन्व्हर्टरवर '900 व्हीए' लिहिलेलं असतं, आठवतंय? ट्रान्सफॉर्मरही व्हीएमध्येच मिळतो. कारण त्याची वायर तापते ती करंटमुळे, आणि एलईडीचं सर्किट वॅटच्या मानाने थोडा जास्त करंट ओढतं. पॉवर फॅक्टर 0.9 असेल तर 160 ला 0.9 ने भागायचं: साधारण 178 व्हीए.

3. थोडं मार्जिन ठेवा

नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. उन्हातल्या लोखंडी पेटीच्या आत तर विचारूच नका. त्यात उद्या एखादा बाणाचा दिवा वाढला तर? 25 टक्के मार्जिन धरलं की 222 व्हीए होतात. त्यापुढची बाजारात मिळणारी साइज घ्यायची: 250 व्हीए.

मग सरळ 1000 व्हीएचा का नको?

कारण ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा दिवे नसले तरी 24 तास थोडी वीज खातच असतो. गाभा मोठा, तर हा खर्चही मोठा. शिवाय मोठा ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर जोराचा करंट ओढतो, त्यामुळे एमसीबी पडू शकतो. वीज जाऊन परत आली, पण सिग्नल आलाच नाही, असं होऊ शकतं.

तारेची लांबी विसरू नका

ब्रिटनमधल्या जुन्या सिग्नलमध्ये 12 व्होल्ट, 50 वॅटचे हॅलोजन दिवे असायचे आणि ट्रान्सफॉर्मर सिग्नलच्या डोक्यातच बसवलेला असायचा. का? 50 वॅटला 12 व्होल्टवर 4 अँपिअरहून जास्त करंट लागतो. ट्रान्सफॉर्मर 20 मीटर लांब ठेवून 1.5 चौरस मिमीची तांब्याची वायर टाकली, तर जाता-येता मिळून सुमारे 2 व्होल्ट वायरमध्येच संपतात. दिव्याला उरतात 10 व्होल्ट, आणि हॅलोजनचा उजेड जवळजवळ निम्मा होतो. म्हणजे ट्रान्सफॉर्मर बरोबर साइजचा असूनही दुपारच्या उन्हात लाल दिवा नीट दिसणार नाही.

थोडक्यात, एका वेळी पेटणारे दिवे मोजा, व्हीए काढा, मार्जिन ठेवा आणि वायरही तपासा. पुढच्या वेळी सिग्नलला थांबलात की चालू दिवे मोजून बघा. फोन मात्र खिशातच राहू द्या!