एमएससी चित्रा तेलगळती

एमएससी चित्रा तेलगळती ही ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर दोन जहाजांच्या टकरीमुळे घडलेली सागरी दुर्घटना होय. न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातून निघालेले ‘एमएससी चित्रा’ हे कंटेनरवाहू जहाज आणि मुंबई बंदराकडे येणारे ‘खलिजिया-३’ यांची टक्कर झाली. चित्रा कलंडले, त्यावरील अनेक कंटेनर समुद्रात पडले आणि सुमारे ८०० टन तेल सांडले. तरंगत्या कंटेनरांमुळे बंदरातील वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. काही कंटेनरांत कीटकनाशके असल्याने धोका तेलापुरता मर्यादित नव्हता.

परिणाम

जहाजांचे इंधनतेल जड व चिकट असते. दीपनगरसारख्या कोळशावरील वीजकेंद्रांत बॉयलर पेटविताना वापरले जाणारे फर्नेस ऑइल याच जातीचे. पेट्रोलप्रमाणे ते उडून जात नाही; उलट लाटांनी घुसळले जाऊन पाणी शोषते, घट्ट होते आणि त्याचे आकारमान कित्येक पटींनी वाढते.

सर्वाधिक हानी खाड्यांतील कांदळवनांची झाली. तिवराची श्वसनमुळे चिखलातून वर आलेली असतात व त्यांवरील सूक्ष्म छिद्रांतून झाड हवा घेते. ही छिद्रे तेलाने बुजली की झाड गुदमरते. मात्र पाने गळू लागेपर्यंत बराच काळ लोटत असल्याने नुकसानीचा अंदाज लगेच येत नाही. कोळंबी, खेकडे व माशांची पिल्ले याच मुळांच्या आश्रयाने वाढतात. नारळी पौर्णिमा अवघ्या अडीच आठवड्यांवर असताना, हंगामाच्या तोंडावरच मासळीविषयी ग्राहकांच्या मनात भीती बसली आणि त्याची झळ कोळी समाजाला पोहोचली.

स्वच्छता

तेलगळतीच्या निवारणात समन्वयाची जबाबदारी भारतीय तटरक्षक दलाकडे असते. तेल अडविण्यासाठी पाण्यावर तरंगते अडसर टाकून ते यंत्राने उपसणे, ही सर्वांत निर्धोक पद्धत. परंतु पावसाळी समुद्रात लाटा अडसरांवरून तेल पलीकडे नेतात. तटरक्षक दलाने विकिरक रसायनांची फवारणी केली. या रसायनांनी तेलाचे बारीक थेंब होऊन ते पाण्यात पसरते, नाहीसे होत नाही. त्यामुळे उथळ खाडीत ती वापरणे जीवसृष्टीस घातक ठरू शकते.

वाळूच्या किनाऱ्यावरील तेलकट थर फावड्याने काढता येतो. कांदळवनात मात्र माणसांच्या पायांनीच तेल चिखलात खोल दाबले जाते व मुळे मोडतात. अशा ठिकाणी भरती-ओहोटीवर सोडून देणे अनेकदा कमी हानिकारक असते. ‘टेरी’ या भारतीय संस्थेने तेल खाणाऱ्या जिवाणूंचे ‘ऑइलझॅपर’ नावाचे मिश्रण विकसित केले आहे. जिवाणूंचे काम महिन्यांच्या हिशेबाने चालते, आणि दिवसातून दोनदा भरतीने धुतल्या जाणाऱ्या चिखलात ते टिकवून ठेवणे अवघड असते.