७८ आणि ४६

“त्याचं वजन ७८, माझं ४६. रस्त्यात बसकण मारली त्यानं तर मी उठवू कशी?” सुरतेतल्या लिंबायतमधल्या एका आईनं मला हे विचारलं तेव्हा तिच्या मांडीवर साडी पसरलेली होती आणि बोटं टिकल्या चिकटवत होती. नवरा लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, बारा तासांच्या पाळीला. मुलगा सोळा वर्षांचा, स्वमग्न. लहान होता तेव्हा उचलून रिक्षात घालता यायचा. पुढे चिडचिडीसाठी रिस्पेरिडोन सुरू झालं. या औषधानं भूक वाढते, आणि भुकेबरोबर वजनही. थेरपीच्या जागा लहान मुलांसाठी मांडलेल्या. छोटी टेबलं, छोट्या खुर्च्या. मिसरूड फुटलेल्या मुलाला तिथं बसायलाच जागा नसते. “आता जिमला नेते त्याला,” ती म्हणाली. ते बघायला मी गेलो.

जिम गल्लीतली, पत्र्याच्या छपराची. सकाळ-संध्याकाळ इथं दंड फुगवणाऱ्या पोरांची गर्दी असते. दुपारी दोन ते चार कोणी नसतं. स्वमग्न मुलांची वेळ तीच. गाणी बंद, लुकलुकणारी ट्यूबलाइट बंद. शेजारच्या खात्यातली लूमची खडखड मात्र भिंतीतून येतच असते. तिचा त्रास होत असेल असं मला वाटलं होतं. पण एकसारख्या चालणाऱ्या आवाजाकडं त्या आईच्या मुलाचं लक्षही नसतं. लोखंडी प्लेट अचानक जमिनीवर पडली की तो दोन्ही कानांवर हात दाबून कोपऱ्यात जातो. म्हणून त्याच्या तासाला लोखंड जवळजवळ नाहीच. जाड कापडाच्या शिवलेल्या पिशव्या, त्यात वाळू. त्यांना कोऱ्या कापडाच्या खळीचा वास येतो, साऱ्या लिंबायतला येतो तोच.

शिकवणारा माणूस खानदेशातला, गावच्या तालमीत कुस्ती खेळलेला. मुलाशी तो अहिराणीतच बोलतो, “आठे ये, भाऊ.” भिंतीवर चार फोटो चिकटवलेले असतात: पिशवी, बैठक, दोर, पाणी. एक काम झालं की मुलगा त्याचा फोटो काढून डब्यात टाकतो. आता काय, पुढं काय आणि संपणार कधी, हे त्याला दिसत राहतं.

मग शिकवणारा म्हणतो, “उचल.” एकदाच. आणि गप्प होतो.

मला पुन्हा पुन्हा आठवते ती ही शांतता. मुलगा जमिनीवर निळ्या पट्टीनं आखलेल्या चौकोनात उभा, नजर पंख्याकडं. काहीच घडत नाही. दारातल्या आईच्या तोंडावर “अरे, उचल ना” आलेलं असतं. शिकवणारा नुसता तळहात वर करून तिला थांबवतो. आपण अशा वेळी दुसऱ्यांदा सांगतो, तिसऱ्यांदा आवाज चढवतो. हा माणूस उभा राहतो. आणि मग मुलगा वाकतो, दहा किलोची पिशवी छातीशी कवटाळतो आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाला नेऊन अलगद ठेवतो. “ऐकलेलं आत पोचायला त्याला वेळ लागतो,” शिकवणारा नंतर म्हणाला. “मधेच परत बोललं की त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ताई म्हणतात तो ऐकत नाही. तो ऐकतोच आहे.”

स्वमग्न मुलांपैकी अनेकांचे स्नायू सैल असतात, हातापायांचा मेळ जमत नाही, काही जण चवड्यांवर चालतात. आपलं शरीर कुठं आहे याची खबर मेंदूला स्नायू आणि सांधे देतात. या मुलांपैकी बऱ्याच जणांना ती खबर पुसट मिळते, म्हणूनच बहुधा ती उड्या मारतात, अंग दाबून घेतात, जड पांघरुणात शिरतात. छातीशी धरलेलं वजन ही खबर ठळक करतं, असं मानतात. शरीर एका जागी जखडून ठेवणाऱ्या मशीनवर हे तितकं साधत नाही, म्हणून या तासाला मशीन बाजूला पडून असतात.

यातला महत्त्वाचा व्यायाम दिसायला अगदीच किरकोळ: जमिनीवर बसायचं आणि उठायचं. आधी बाकाचा आधार, मग एका हाताचा, मग कशाचाच नाही. मी वजन किती उतरलं असं विचारलं तेव्हा शिकवणारा जरा नाराज झाला. “ताईंनी मला पहिल्या दिवशी सांगितलं, हा ७८ आणि मी ४६. ७८ चे ७० करायची मला घाई नाही. हे ७८ त्याचं त्याला जमिनीवरून उचलता आलं पाहिजे.” आईच्या प्रश्नाला इतकं नेमकं उत्तर मी दुसऱ्या कोणाकडून ऐकलेलं नाही.

दोन फेऱ्यांच्या मधे मुलगा हात फडफडवतो, जोरात. कोणी त्याला थांबवत नाही. व्यायामानंतर ही फडफड कमी होते असं सांगणारे बरेच अभ्यास आहेत, लहान लहान गटांवरचे. मला ही मोजपट्टीच पटत नाही. हात हलल्यानं कोणाचं काय बिघडतं? जिना चढता येणं, धान्याची पिशवी घरी आणता येणं, पडल्यावर उठता येणं हे मोजा.

हा व्यायाम काही कोणाचा छंद नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ५ ते १७ वयाच्या दिव्यांग मुलांनाही आठवड्यात किमान ३ दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. स्वमग्नता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येते आणि त्याच कायद्याचं ३० वं कलम खेळातल्या सहभागाची जबाबदारी सरकारवर टाकतं. वजन उचलल्यानं उंची खुंटते ही भीती निराधार आहे. देखरेख हवी, एवढंच. मुंबईत शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात प्रशिक्षक उदय देशपांडे यांनी अंध मुलांना मल्लखांबावर चढवलं, तेव्हा तालीम सगळ्यांची असते हे मराठी माणसाला नवीन नाही.

सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोलीच्या गल्ल्यांत मराठी माणसांच्या जिम आहेत. त्या चालवणाऱ्यांना विनंती आहे: दुपारचा रिकामा तास एका मुलाला द्या. गाणी बंद ठेवा, चार फोटो लावा, वाळूच्या पिशव्या शिवून घ्या. स्वमग्न मुलांत फेफऱ्याचं प्रमाण जास्त असतं, तेव्हा डॉक्टरांना आधी विचारा. आणि “उचल” एकदाच म्हणा.