जुन्या रेडिओंतील कंडेन्सर

ज्या घरांत वाडवडिलांच्या वेळचा वॉल्व्हचा रेडिओ अद्यापि माळ्यावर आहे, तेथें एखाद्या सणावारीं तो खालीं उतरतो, त्यावरील धूळ पुसली जाते, आणि कोणी उत्साही तरुण त्याची वायर भिंतींतील प्लगांत खुपसतो. हेंच करूं नये, अशी वाचकांस विनंती आहे. चाळीस-पन्नास वर्षें निजलेल्या यंत्रास असें एकाएकीं जागें केल्यास पहिल्या कांहीं मिनिटांतच त्याचा घात होण्याचा संभव असतो, व त्याचें कारण बहुधा कंडेन्सर.

आमच्या फुलसावंगीच्या घरींही असा एक रेडिओ आहे. ठाण्यास मर्फीचा कारखाना होता त्या काळांतला. १९४८ सालीं नागपूर केंद्र सुरू झालें, आणि विदर्भांतील पुष्कळ घरांत रेडिओ आला तो त्यानंतर.

कंडेन्सर म्हणजे विजेचा सांठा करणारें लहानसें पात्र. नव्या पाठ्यपुस्तकांत त्यास धारित्र म्हणतात. शब्द धृ धातूपासून नीट साधलेला आहे, पण बाजारांत कंडेन्सरच मागावा. धातूचे दोन पत्रे व मध्यें विजेस अडविणारा पदार्थ, एवढीच त्याची रचना. हॉलंडांतील लायडन येथें १७४६ च्या सुमारास प्रसिद्धीस आलेली विजेची बरणी ती हीच. जुन्या रेडिओंत कांहीं कंडेन्सर अभ्रकाचे असतात. रसशास्त्रांतील अभ्रक तें हेंच, व कोडरम्याच्या खाणींतून तें एके काळीं दूरदूरच्या देशांत जात असे. हे सहसा बिघडत नाहींत. त्यांस उगीच हात लावूं नये.

कागदी कंडेन्सरांची गोष्ट निराळी. मेण पाजलेला कागद वर्षानुवर्षें हवेंतील ओल ओढून घेतो, आणि जी वीज अडवावयाची तीच त्यांतून झिरपूं लागते. सर्वांत घातक तो, जो शेवटच्या, म्हणजे स्पीकर चालविणाऱ्या, वॉल्व्हच्या ग्रिडपाशीं असतो. तो थोडा जरी झिरपला तरी मागील वॉल्व्हचा दाब ग्रिडवर उतरतो. वॉल्व्ह प्रमाणाबाहेर प्रवाह ओढून तापतो, आणि त्याबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळतो. क्षुल्लक किमतीच्या वस्तूपायीं दुर्मिळ वस्तू जाते ती अशी. तिसरा प्रकार इलेक्ट्रोलिटिक. त्यांतील द्रव सुकला कीं रेडिओ घूं घूं करतो. अॅल्युमिनियमवरील ऑक्साइडाचा पातळ थर क्षीण झाला कीं कंडेन्सर तापतो व प्रसंगीं फुटतो.

म्हणून कागदी व इलेक्ट्रोलिटिक हे दोन्ही बदलावे, आणि तेही एका वेळीं एकच, म्हणजे जोडणी चुकत नाहीं. ०.०१ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा काढला, तर तेवढ्याच मायक्रोफॅरडचा ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर कंडेन्सर घालावा. व्होल्ट अधिक चालतात, कमी चालत नाहींत. इलेक्ट्रोलिटिकाचें धन व ऋण टोंक उलटें जोडूं नये. शिवाय गुणगुण कमी व्हावी म्हणून पहिला फिल्टर कंडेन्सर फार मोठा घातल्यास रेक्टिफायर वॉल्व्हवर ताण पडतो. घरच्या विजेच्या दोन तारांमध्यें जोडलेला कंडेन्सर एक्स-२ जातीचाच हवा.

आतां जिवाची गोष्ट. प्लग काढल्यावरही कंडेन्सरांत दोन-अडीचशें व्होल्ट राहूं शकतात. ते योग्य रोधामार्फत उतरवून, मीटरनें पाहूनच हात घालावा. एसी-डीसी म्हणून विकल्या गेलेल्या रेडिओंचा लोखंडी सांगाडा थेट घरच्या विजेच्या एका तारेस जोडलेला असतो. असा रेडिओ मुलांच्या हातीं उघडा देऊं नये, व जाणत्या कारागिराकडूनच नीट करून घ्यावा. कारागीर प्रथम सिरीज लॅम्प लावतो. बल्ब पूर्ण तेजानें पेटून तसाच राहिला, तर आंत कोठें तरी शॉर्ट आहे असें समजावें.

आमचा पुण्याचा पुतण्या इंजिनिअर आहे. त्याचें म्हणणें, आंतील सर्व काढून टाकावें आणि त्या लांकडी पेटींत मोबाइलवरून वाजणारा स्पीकर बसवावा. मला तें पटलें नाहीं. मग पेटीच तेवढी वडिलांची राहिली, रेडिओ कोठें राहिला? कांहीं हौशी लोक जुन्या कंडेन्सराचें मेण वितळवून त्या नळींत नवा दडवितात. तेंही मला थोडें नाटकी वाटतें. आमच्या कारागिरानें नवे कंडेन्सर उघडेच बसविले, आणि कोणता केव्हां बदलला ह्याची चिठ्ठी मागील पुठ्ठ्याच्या आंत डकवून ठेविली आहे.