पाचशे ग्रॅमचा हिशेब

लहान चणीचं गिऱ्हाईक, त्यातून बाईमाणूस, हत्यारांच्या दुकानात शिरलं की काउंटरपलीकडचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं: "हे बघा ताई, फक्त पाचशे ग्रॅम." या पाचशे ग्रॅमचा उगम कानपूरचा. जानेवारी २०१४ मध्ये तिथल्या फील्ड गन फॅक्टरीनं 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. दिल्लीतलं डिसेंबर २०१२ चं सामूहिक बलात्काराचं प्रकरण तेव्हा ताजं होतं आणि हत्याराचं नावही त्यातल्या 'निर्भया'च्या आठवणीवर बेतलेलं होतं. बत्तीस बोअर, सहा गोळ्या, टायटॅनियमचा मिश्रधातू, तेव्हाची १,२२,३६० रुपये किंमत आणि दागिना ठेवावा तशी मरून रंगाची पेटी. ही सरकारनं दिलेली स्वतःच्या अपयशाची कबुली आहे, अशी टीका मणिपूरमध्ये बंदुकीच्या बळी ठरलेल्या कुटुंबांतल्या बायकांसाठी काम करणाऱ्या बिनालक्ष्मी नेप्राम यांनी तेव्हाच केली होती. ती टीका रास्त आहे. पण ती बाजूला ठेवून, ज्या बाईनं हत्यार घ्यायचं ठरवलंच आहे तिच्या सोयीनं पाहिलं, तरी पाचशे ग्रॅमचा हा हिशेब चुकतो. लहान हाताला हलकं हत्यार, हे ऐकायला बिनतोड वाटतं. प्रत्यक्षात ते उलट आहे.

पुणे जिल्ह्यातले भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे दोन तालुके, इथून या प्रश्नाकडे बघण्याला कारण आहे. भाटघर, नीरा देवघर, पानशेत, वरसगाव, गुंजवणी अशा धरणांच्या पाण्यानं आणि सह्याद्रीच्या सोंडांनी तुकडे पडलेला हा मुलूख. घरं वाड्यावस्त्यांवर विखुरलेली, पावसात रस्ते बेभरवशाचे. दुसरीकडे सातारा रस्त्यालगत नसरापूर, कापूरहोळच्या बाजूला जमिनीचे भाव चढले आणि भावांबरोबर वादही आले. परवाना मागणारे त्यामुळे दोन प्रकारचे. काहींना खरोखर एकटेपणाची धास्ती असते, काहींना कमरेला काहीतरी दिसायला हवं असतं. हा लेख पहिल्यांसाठी आहे. दुसऱ्यांना सल्ल्याची गरज नसते. फक्त वरातीत बार काढण्याआधी त्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा हौसेच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आधी धक्क्याचं बघू. गोळी पुढे जाते तेवढ्याच जोरानं हत्यार मागे येतं. काडतूस तेच ठेवून हत्याराचं वजन निम्मं केलं, तर हाताला बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. यात मताचा प्रश्न नाही, साधं गणित आहे. एक किलोच्या हत्यारातून उडवलेली बत्तीसची गोळी आणि पाचशे ग्रॅमच्या हत्यारातून उडवलेली तीच गोळी यांत हाच फरक पडतो. बत्तीसचं काडतूस मुळात सौम्य आहे, त्यामुळे मनगट मोडत नाही हे खरं. पण नवख्या माणसाला धक्क्यानं होणाऱ्या इजेपेक्षा धक्क्याची भीती जास्त नडते. दुसऱ्या-तिसऱ्या गोळीपासून डोळे मिटायला लागतात, चाप दाबण्याआधीच मनगट खाली जातं आणि गोळी पायापुढच्या मातीत शिरते. जे हत्यार शिकणाऱ्याला घाबरवतं, ते त्याला शिकू देत नाही.

धक्क्यापेक्षाही मोठी अडचण चापाची आहे आणि ती काउंटरवरच दिसते, फक्त कुणी बघत नाही. लहान हाताची व्यक्ती रिव्हॉल्व्हर मुठीत धरते, तेव्हा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खोबण मुठीच्या मागच्या बाजूला घट्ट बसायला हवी आणि नळी, मनगट, कोपर एका रेषेत यायला हवेत. तर्जनीच्या पहिल्या पेराचा मांसल भाग चापावर टेकायला हवा. बोट आखूड असेल तर तिथे फक्त टोक पोचतं. मग बोट पोचावं म्हणून मूठ नकळत फिरते, खोबण सरकते, नळी मनगटाच्या रेषेतून बाहेर जाते आणि धक्का तळहाताऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर येतो. त्यात घोडा आधी न ओढता थेट चाप दाबायचा, तर अशा रिव्हॉल्व्हरला साधारण चार-पाच किलोचं बळ लागतं. पाचशे ग्रॅमचं हत्यार आणि त्यावर त्याच्या आठ-दहापट ताण! हत्यार जितकं हलकं तितकी त्या ताणानं नळी हलणार, हे उघड आहे. एखादं रिव्हॉल्व्हर हाताला बसतं की नाही हे ठरवणारं माप म्हणजे मुठीच्या पाठीपासून चापापर्यंतचं अंतर. जाहिरातीत ते छापलेलं नसतं, वजन मात्र मोठ्या अक्षरांत असतं. चप्पल घेताना आपण पायात घालून चार पावलं टाकतो. लाखाची वस्तू घेताना तराजूवरचा आकडा पुरेसा वाटतो.

याचा पुरावा शोधायला लांब जायला नको. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. या प्रकारातल्या बावीस बोअरच्या पिस्तुलाला नियमानं १४०० ग्रॅमपर्यंत वजन चालतं आणि चापाचा ताण किमान १००० ग्रॅम असावा लागतो. स्पर्धेतली पिस्तुलं सर्रास किलोच्या आसपास किंवा त्याहून जड असतात आणि त्यांची लाकडी मूठ खेळाडूच्या तळव्याप्रमाणे घासून, भरून तयार केली जाते. म्हणजे बायकांच्या हातात सर्वांत अचूक चालणारं हत्यार पाचशे ग्रॅमच्या दुप्पट वजनाचं, सौम्य काडतुसाचं, हलक्या चापाचं आणि हाताच्या मापाचं आहे. यावर कुणी म्हणेल की खेळ वेगळा आणि जिवावरचा प्रसंग वेगळा. वेगळा आहेच. पण ज्या हाताला शांत मैदानात स्थिर राहायला वजन आणि माप लागतं, त्याच हाताला अंधारात, छाती धडधडत असताना ते कमी लागेल, असं मानायला आधार नाही.

आता बाजारात मिळतं काय ते बघू. इथे निवड मुळात अरुंद आहे. ९ मिमी, .३८, .४५ हे बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध. परदेशी हत्यारं आणायला ऐंशीच्या दशकापासून बंदी, सूट असते ती खेळाडूंना. उरतं ते बत्तीस आणि बावीस. ईशापूर रायफल फॅक्टरीचं 'निडर' बावीस बोअरचं, आठ गोळ्यांचं, अवघं २५० ग्रॅम. कानपूरचं 'प्रबल' ऑगस्ट २०२३ मध्ये आलं. बत्तीस बोअर, ७०० ग्रॅम, ७६ मिलिमीटर नळी. जुनी देशी रिव्हॉल्व्हरं मधून मोडून भरायची असतात, याची चक्री मात्र बाजूला उघडते. वरच्या तर्कानं पाहिलं तर लहान चणीच्या नवशिक्याला निर्भीकपेक्षा प्रबलचे दोनशे ग्रॅम जास्तीचे हवेतच. बत्तीसचं पिस्तूल घ्यावं का, असंही विचारलं जातं. त्याचा चाप सोपा असतो, पण वरची स्लाइड मागे ओढायला जोर लागतो. या छोट्या पिस्तुलांत गोळीचा दाब केवळ स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग यांच्यावर पेललेला असतो, म्हणून स्प्रिंग ताठ ठेवावी लागते. एका हातानं मूठ पुढे ढकलत दुसऱ्या हातानं स्लाइड धरून ठेवली तर कमी बळात जमतं, पण ते शिकावं लागतं. शिवाय मनगट ढिलं राहिलं तर पुढचं काडतूस अडकतं. रिव्हॉल्व्हर त्या मानानं क्षमाशील. एखादी गोळी उडाली नाही तर पुन्हा चाप दाबायचा. नवख्या लहान हातासाठी म्हणून रिव्हॉल्व्हरच बरं, मात्र अंगात थोडं वजन असलेलं.

हलक्या हत्याराच्या बाजूनं दोन मुद्दे खरे आहेत आणि ते मान्य करायला हवेत. एक, दिवसभर अंगावर बाळगायचं तर पाचशे ग्रॅम आणि किलो यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. पण या दोन तालुक्यांत घरच्या संरक्षणासाठी घेतलेलं हत्यार दिवसभर कोण बाळगतं? ते कपाटात असतं, कुलपात असतं आणि कुलपातल्या वस्तूचं वजन कुणाच्या खांद्यावर येत नाही. दुसरा मुद्दा पावसाचा. वेल्ह्याच्या पावसाळ्यात पोलादाला आठवड्यात तांब चढते, काडतुसाच्या पितळेवर हिरवट कीट धरतो, तेलाचा वास कपड्यांना लागतो तरी पुसणं संपत नाही. टायटॅनियम गंजत नाही, हे निर्भीकचं निर्विवाद कौतुक. पण आठवड्याला दहा मिनिटं पुसण्याचा कंटाळा असलेल्या माणसानं हत्यार ठेवूच नये, हे त्यापेक्षाही निर्विवाद आहे.

यापेक्षा वजनदार आक्षेप अंतराचा. भोर, नसरापूरचं राजगड आणि वेल्हे ही पोलीस ठाणी; घाटमाथ्यावरच्या वस्तीवरून फोन लागला तरी जीप पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन जातं. ही तक्रार खोटी नाही. तरी हत्यार म्हणजे हे अंतर भरून काढणारा पूल नव्हे. परवाना घेताना सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. कुलूप उघडून, काडतुसं भरून, अंधारात समोर चोर आहे की शेजारी हे ओळखून मग चाप दाबायचा असतो. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण गरजेपेक्षा जास्त इजा करण्याचा नाही. निवडणुकीची आचारसंहिता लागली की बहुतेकांना हत्यार ठाण्यात जमा करावं लागतं, तेव्हा वस्ती तिथेच असते आणि अंतरही तेवढंच. बिबट्या आणि रानडुकराचं कारण सांगितलं जातं तेही इथे लागू पडत नाही. जीव वाचवताना सद्भावनेनं वन्यप्राणी मारला गेला तर तो गुन्हा ठरत नाही, पण बत्तीसच्या गोळीनं जखमी झालेला बिबट्या अधिक धोक्याचा. पिकाच्या राखणीसाठी कायद्यानं ठासणीच्या बंदुकीचा वेगळा रस्ता ठेवला आहे, पण तिनंही डुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते.

एक प्रकार निवडीच्या पलीकडचा आहे, तो वारशाचा. परवानाधारक वारला, सत्तरीला पोचला किंवा हत्यार पंचवीस वर्षं बाळगून झालं, की ते वारसाच्या नावावर करून मागता येतं. बापाच्या हातासाठी घेतलेलं रिव्हॉल्व्हर किंवा बारा बोअर असं मुलीकडे किंवा सुनेकडे येतं. इथे कुणी वजन विचारत नाही, आठवण म्हणून ते ठेवलं जातं. बारा बोअरचा दस्ता खांद्याला लांब होत असेल, रिव्हॉल्व्हरच्या चापाला बोट पोचत नसेल, तर ते हत्यार वारसाचं संरक्षण करणार नाही, फक्त नूतनीकरणाच्या फायली वाढवील. मूठ किंवा दस्ता बदलून बसत असेल तर बसवावा. नाहीतर परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर देऊन टाकावं. त्यात बापाचा अपमान नाही.

हे सगळं शेवटी सरावावर येऊन थांबतं आणि आपली व्यवस्था नेमकी तिथे लंगडी आहे. २०१६ च्या शस्त्र नियमांनी अर्जदाराला हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण आवश्यक केलं, ते चांगलंच. पण परवान्यावर काडतुसांची मर्यादा असते, त्यातली बहुतेक काडतुसं माणसं 'वेळेला लागतील' म्हणून जपून ठेवतात. काडतुसाच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरं दिसली तर ती खडकीच्या कारखान्याची. १८६९ सालापासूनचा हा कारखाना भोरपासून पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. म्हणजे काडतूस घराजवळ बनतं, तरी ते उडवून शिकायची सोय आणि सवय मात्र नाही. एकही गोळी न झाडता वर्षानुवर्षं कपाटात ठेवलेलं रिव्हॉल्व्हर पाचशे ग्रॅमचं असो की किलोचं, त्याच्या धन्याला ते सारखंच परकं.

म्हणून क्रम उलटा करावा. आधी परवाना, मग दुकान, मग जमलं तर सराव, ही आजची रीत. तिच्याऐवजी आधी बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलासारख्या ठिकाणी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली एअर पिस्तूल हातात घ्यावं. .१७७ बोअरच्या, वीस ज्यूलच्या आतल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही आणि डोळे न मिटता चाप दाबण्याची सवय त्यातूनच लागते. मग क्लबमार्फत बावीस बोअर. त्यानंतरही हत्यार हवंसं वाटलं, तर दुकानात तीन गोष्टी बघाव्यात: मूठ न फिरवता पहिलं पेर चापावर टेकतं का, रिकाम्या हत्याराचा चाप सुरक्षित दिशेला सलग दाबताना नळी डुलते का, आणि चक्री उघडणं-भरणं अंधारातही जमेल का. या तिन्हींना होकार मिळेल तेच आपलं हत्यार, मग ते सातशे ग्रॅमचं का असेना. आणि वर्षभर नियमित सराव करणं जमणार नसेल, तर परवान्याचा अर्ज करू नये. तो पैसा दाराच्या भक्कम कडीला, अंगणातल्या दिव्याला आणि एका इमानी कुत्र्याला लावावा. भोर-वेल्ह्यातल्या एकट्या घराला त्याचा उपयोग जास्त होईल.