ओळीचा नंबर कोणाचा?

(पनवेल येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या वेळी टेबल आणि व्ह्यू यांतला फरक आपण पाहिला. त्यावर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: व्ह्यूमध्ये डाव्या बाजूला एक, दोन, तीन असा अनुक्रमांक कसा आणायचा? उत्तर एका ओळीचं आहे. पण आपण नेमकं काय मागतोय हे न कळता ती ओळ लिहिली, तर कुणाचं तरी नुकसान होऊ शकतं. ते कसं, हे मतदार यादीवरून सांगतो, कारण ती आपल्या सगळ्यांनी पाहिलेली आहे.

आपला पनवेल हा विधानसभेचा १८८ क्रमांकाचा मतदारसंघ. त्याच्या यादीचे भाग असतात आणि प्रत्येक भागात मतदारांना एकपासून अनुक्रमांक असतो. याखेरीज प्रत्येकाच्या ओळखपत्रावर आणखी एक क्रमांक असतो: तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढे सात आकडे. म्हणजे एका माणसाला दोन क्रमांक झाले. यादी नव्याने तयार झाली, मधली काही नावं गेली, काही आली, की अनुक्रमांक बदलतो. ओळखपत्राचा क्रमांक मात्र तोच राहतो. आता बघा, पहिला क्रमांक यादीतल्या जागेचा आहे आणि दुसरा माणसाचा. आजचा सगळा विषय या एका वाक्यात आहे.

आता संगणकाकडे येऊ. एडगर कॉड यांनी १९७० साली रिलेशनल पद्धत मांडली. तिच्यात टेबल हा ओळींचा संच मानला आहे, आणि संचाला क्रम नसतो. पिशवीत गोट्या असतात ना, तसं. पहिली गोटी कोणती, असं पिशवीला विचारता येत नाही. आपण बाहेर काढून मांडू तेव्हा पहिली ठरते. व्ह्यू तर त्याहून विरळ. त्याच्यात ओळी साठवलेल्याच नसतात, असतो तो फक्त लिहून ठेवलेला प्रश्न. आपण व्ह्यू उघडतो तेव्हा तो प्रश्न पुन्हा विचारला जातो. मग अनुक्रमांक राहणार कुठे? तो प्रत्येक वेळी नव्याने मोजावा लागतो, आणि मोजायचा तर क्रम कोणता ते आपणच सांगावं लागतं.

ते सांगायची रीत अशी. लिहायचं इंग्रजीतच, मी आपल्या लिपीत वाचून दाखवतो:

क्रिएट व्ह्यू यादी_दर्शन ॲज
सिलेक्ट रो_नंबर() ओव्हर (पार्टिशन बाय भाग ऑर्डर बाय विभाग, घर, ओळखपत्र) ॲज अनुक्रमांक, ओळखपत्र, नाव, घर, विभाग, भाग
फ्रॉम मतदार

‘पार्टिशन बाय भाग’ म्हणजे भाग बदलला की मोजणी पुन्हा एकपासून. ‘ऑर्डर बाय’ म्हणजे कोणत्या क्रमाने मोजायचं. ही सोय एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ पासून, पोस्टग्रेसमध्ये २००९ पासून आणि मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या आठव्या आवृत्तीपासून आहे.

चार गोष्टी सांभाळायच्या.

पहिली: क्रमाच्या शेवटी असा रकाना हवाच, जो दोघांचा सारखा असू शकत नाही. आपल्याकडे पाटील, म्हात्रे, ठाकूर, घरत किती आहेत बघा. नुसत्या आडनावावर क्रम लावला तर सगळे म्हात्रे एकमेकांशी बरोबरीत सुटले. त्यांच्यात आधी कोण, हे तुम्ही सांगितलेलं नाही. मग संगणक सकाळी एक क्रम देईल, दुपारी दुसरा देईल, आणि दोन्ही वेळा तो नियमानेच वागलेला असेल. म्हणून वर शेवटी ओळखपत्र ठेवलं आहे.

दुसरी: घर क्रमांकाचा रकाना अक्षरांचा असेल तर १० हा २ च्या आधी येतो, कारण तिथे १ आणि २ ही अक्षरं ताडली जातात. मराठी नावांचं तर वेगळंच. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर. युनिकोडच्या कोष्टकात तो ल च्या लगेच नंतर बसवला आहे. त्यामुळे नुसत्या कोष्टकाप्रमाणे लावलं तर काळे आधी आणि कासार मागून. आपल्या वर्णक्रमाने लावलं तर कासार आधी, काळे मागून. मराठी क्रम हवा असेल तर तो संगणकाला वेगळा सांगावा लागतो. म्हणजे तुमचा नंबर तुमच्या नावावरच नाही, तर वर्णमाला कोणाची यावरही ठरतो!

तिसरी: गाळणी कुठे लावता ते बघा. व्ह्यू आधी सगळ्यांना नंबर देतो. त्यावर तुम्ही बाहेरून ‘फक्त ऐंशी वर्षांवरचे’ असं मागितलंत तर ३, १७, ४२ असे तुटक नंबर दिसतील. ती चूक नव्हे, ते पूर्ण यादीतले नंबर आहेत. एक, दोन, तीन हवे असतील तर गाळणी व्ह्यूच्या आत हवी, मोजणीच्या आधी.

चौथी: आत क्रम दिला म्हणून ओळी त्याच क्रमाने बाहेर येतील याची हमी नाही. बाहेर मागतानाही ‘ऑर्डर बाय भाग, अनुक्रमांक’ असं म्हणायचं. ओरॅकलमध्ये रोनम म्हणून जुनी सोय आहे, तिचा घोटाळा याच्या उलट होतो. तो नंबर क्रम लावण्याच्या आधीच दिला जातो, म्हणून क्रम लावल्यावर नंबर विस्कटलेले दिसतात.

(श्रोत्यांतून प्रश्न: आमच्याकडे जुनं मायएसक्यूएल आहे, तिथे काय करायचं?)

तिथे नेटवर सापडणारी चलाची युक्ती, म्हणजे एक चल घेऊन दर ओळीला एक वाढवत जायचं, ती व्ह्यूमध्ये चालत नाही. व्ह्यूच्या व्याख्येत चल घ्यायला परवानगीच नाही. मग प्रत्येक ओळीसाठी विचारायचं, माझ्यापर्यंत धरून किती जण आहेत? जेवढे, तो माझा नंबर. उत्तर बरोबर येतं, पण फार मोजावं लागतं. १२०० नावांच्या भागात पहिल्यासाठी एक, दुसऱ्यासाठी दोन असं करत बेरीज ७,२०,६०० होते. लहान यादीला ठीक आहे.

(आणखी एक प्रश्न: सर, त्यापेक्षा टेबलातच कायमचा नंबर का नको?)

चांगला प्रश्न. हवा ना! पण तो वेगळा नंबर. तलाठ्याकडची फेरफार नोंदवही आठवा, गाव नमुना सहा. नोंद झाली की तिला क्रमांक मिळतो. पुढे ती मंजूर होवो की रद्द होवो, क्रमांक तिचाच. रद्द झाली म्हणून पुढच्या नोंदी एकेक घर वर सरकत नाहीत, कारण सातबाऱ्यावर त्या क्रमांकाचा हवाला दिलेला असतो. ज्याचा हवाला द्यायचा तो क्रमांक साठवायचा, आणि त्याच्यात खंड पडले तर पडू द्यायचे. जो फक्त वाचायच्या सोयीचा आहे तो व्ह्यूमध्ये मोजायचा, त्याच्यात खंड नकोत. एकाच क्रमांकाकडून दोन्ही कामं मागितली की गोंधळ होतो.

आमच्या तत्त्वज्ञानात हा भेद जुना आहे. वैशेषिक संख्येला गुण मानतात. एकत्व वस्तूत असतं. पण दोन, तीन आणि पुढच्या संख्या अपेक्षाबुद्धीतून उत्पन्न होतात. ‘हा एक, हा एक’ असं एकत्र पाहणारी बुद्धी असेल तेव्हा द्वित्व येतं, ती बुद्धी गेली की द्वित्वही जातं. त्यांचा विचार गणनेचा आहे, आपला क्रमाचा, हे मान्य. तरी व्ह्यूतला नंबर असाच आहे. प्रश्न विचारला की उत्पन्न होतो, उत्तर मिळालं की संपतो. ओळखपत्राचा क्रमांक तसा नाही, तो माणसाबरोबर राहतो.

आता नुकसानीचं. समजा, कुणी लिहून दिलं, ‘अमुक भाग, अनुक्रमांक ४१२, मयत, नाव कमी करावे.’ अर्ज हातात पडेपर्यंत वरचं एक नाव गेलं. काल ४१२ वर असलेला आज ४११ वर आहे आणि ४१२ वर एक जिवंत बाई आहे. कारकुनाने किंवा प्रोग्रामने नंबर बघून नाव काढलं. त्या बाईला हे कधी कळणार? मतदानाच्या दिवशी, केंद्रावर, रांगेत उभं राहिल्यावर. कुणाचं वैर नाही, कुणाचा कट नाही. जागेच्या नंबराला माणसाचा नंबर समजलं गेलं, एवढंच. आणि तेवढ्याने एका माणसाचा हक्क त्या दिवसापुरता गेला.

पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल अशा नंबर मोजणाऱ्या व्ह्यूमधून थेट दुरुस्ती करू देत नाहीत. पुष्कळांना तो अडथळा वाटतो. मला ते शहाणपण वाटतं.

तेव्हा सोसायटीची सभासद यादी असो, शाळेचा पट असो की ग्रंथालयाची नोंद, नंबर जरूर दाखवा. शेजारी कायमचा क्रमांकही छापा. पत्र लिहायचं, पैसे जमा करायचे, नाव कमी करायचं, ते फक्त त्या कायमच्या क्रमांकावरून करा. पुढच्या वेळी बरोबरीत सुटलेल्यांना एकच नंबर द्यायचा की वेगवेगळे, म्हणजे रँक आणि डेन्स रँक, हे पाहू. त्यात परीक्षेच्या गुणवत्ता यादीचा प्रश्न येतो, तोही साधा नाही.