फॉरमॅट मारण्याआधी...



सुट्टीत घरी गेलं की दोन गोष्टी हमखास घडतात. आई म्हणते, "किती वाळलास रे!" आणि बाबा म्हणतात, "त्या कॉम्प्युटरला काहीतरी झालंय, बघ जरा. इंजिनिअरिंगला आहेस ना?" आपण सिव्हिलचे असू नाहीतर प्रॉडक्शनचे, घरच्यांच्या लेखी इंजिनिअर तो इंजिनिअर! बघावं तर अँटीव्हायरसच्या चिन्हावर लाल फुली, माऊस जागचा हलत नाही, आणि हॉस्टेलमध्ये शिकलेला रामबाण उपाय आपल्या तोंडी येतो, "फॉरमॅट मारून टाकू!"

हॉस्टेलच्या मशीनवर एकवेळ ठीक आहे. तिथे असतं काय? सिनेमे आणि मागच्या सेमच्या असाइनमेंट्स. घरच्या पीसीवर मात्र ताईच्या लग्नाचे फोटो, बाबांच्या पीएफचे कागद, सोसायटीचा हिशेब असतो आणि त्याची दुसरी प्रत बहुधा कुठेच नसते. व्हायरसने काय नेलं असतं ते कोण जाणे, पण फॉरमॅटने सगळं नक्की जातं. आणि गंमत म्हणजे अँटीव्हायरसच्या कितीतरी तक्रारींमध्ये व्हायरस नसतोच. म्हणून आधी कारण शोधावे. पुढच्या क्रमाने गेलात तर ते सहसा सापडते.

बोलतंय कोण?

"तुमच्या कॉम्प्युटरमध्ये पाच व्हायरस सापडले, ताबडतोब या नंबरवर फोन करा", असा निरोप ब्राउझरच्या खिडकीत आला असेल तर तो अँटीव्हायरसचा नव्हे, भामट्यांचा आहे. खिडकी बंद करावी, फोन अजिबात करू नये. कोपऱ्यातून सारख्या अशा सूचना येत असतील तर घरात कोणीतरी एखाद्या साइटला नोटिफिकेशनची परवानगी देऊन बसलेले असते. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती काढली की 'व्हायरस' गेला! खरी सूचना अँटीव्हायरसचा प्रोग्रॅम स्वतः उघडला की आतही दिसते.

आधी घड्याळ बघा

अपडेट होत नाही, किंवा लायसन्स शिल्लक असून 'मुदत संपली' असे येते. अशा वेळी पहिली नजर तारखेवर टाका. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२ नावाचा. तो संपला की मेन स्विच बंद केल्यावर घड्याळ काही वर्षे मागे जाते. अपडेट देणारा सर्व्हर आपली ओळख प्रमाणपत्राने पटवतो आणि त्या प्रमाणपत्रावर 'अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत' असे लिहिलेले असते. आपल्या मशीनच्या मते ती तारीख अजून उगवलेलीच नसेल तर ते जोडणीच नाकारणार. सेल बदला, तारीख लावा, अपडेट पुन्हा चालवा. खर्च अगदी किरकोळ.

एका म्यानात दोन तलवारी

"एक कमी पडतोय, अजून एक टाकू", हा सल्ला घरोघरी मिळतो. अँटीव्हायरस फाइल उघडण्याच्या वाटेवर पहारा देतो, कोणतीही फाइल उघडली की आधी तो तपासणार. दोन पहारेकरी ठेवले की एकाने तपासायला फाइल उघडली म्हणून दुसरा ती तपासायला धावतो. मशीन गुदमरते, कधीकधी हँगही होते.

विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, डिफेंडर हा अँटीव्हायरस विंडोजमध्येच येतो. दुसरा टाकला की तो सहसा आपणहून बाजूला होतो. घोळ होतो तो जुन्या, मुदत संपलेल्या किंवा अर्धवट काढलेल्या पाहुण्याचा. तो कंट्रोल पॅनलमधून काढा. तरी अवशेष राहिले तर त्या कंपनीच्या साइटवर बहुधा खास काढून टाकायचे टूल असते, ते चालवा आणि मशीन रिस्टार्ट करा. मग 'विंडोज सिक्युरिटी' उघडून डिफेंडर चालू झाला की नाही ते बघा. नुसता फोल्डर डिलीट करणे म्हणजे बोर्ड काढून वायरी तशाच लोंबत ठेवणे.

मशीन गोगलगाय झाले

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. डिस्कच्या रकान्यात सर्वात वर कोण आहे ते बघा. 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल' दिसले तर घाबरू नका, तो डिफेंडरच आहे. महिनोन्महिने बंद असलेला पीसी चालू केला की थकलेले अपडेट आणि राहिलेले स्कॅन एकदम सुरू होतात आणि जुन्या हार्ड डिस्कचा श्वास कोंडतो. उपाय साधा आहे. रात्रभर मशीन चालू ठेवून फुल स्कॅन एकदा पूर्ण होऊ द्या. वेग वाढावा म्हणून अख्खा डी ड्राइव्ह 'एक्सक्लूजन'मध्ये टाकू नका. वॉचमनला "मागच्या गेटकडे बघू नकोस" असं सांगण्यातला तो प्रकार आहे.

अपडेट तरीही होत नाही

सी ड्राइव्हवर जागा आहे ना ते बघा. ती असेल, नेट चालू असेल, बाकी सगळ्या साइट उघडत असतील आणि फक्त अँटीव्हायरस कंपन्यांच्याच साइट उघडत नसतील, तर मात्र कान टवकारा. २००८ साली पसरलेला कॉन्फिकर हेच करत असे. औषधाच्या दुकानाची वाटच अडवायची! अशा वेळी दुसऱ्या, स्वच्छ मशीनवर ऑफलाइन अपडेटची फाइल उतरवून आणावी.

विंडोज १० वाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. डिफेंडरला व्हायरसची नवी माहिती मात्र ऑक्टोबर २०२८ पर्यंत मिळणार आहे. म्हणजे हिरवी खूण दिसत राहील, पण वाढीव मुदतीच्या योजनेत नाव नोंदवले नसेल तर खुद्द विंडोजमधली नवी भोके बुजणार नाहीत. कुलूप नवे, दार कुजलेले.

चोर सोडून संन्याशाला फाशी

पायथॉनचा प्रोजेक्ट पायइन्स्टॉलरने एक्झी केला आणि अँटीव्हायरसने गिळला, ही तक्रार कॉम्प्युटरवाल्यांच्या ओळखीची असेल. अँटीव्हायरस फक्त माहीत असलेले व्हायरस ओळखत नाही, तो लक्षणांवरूनही संशय घेतो. डिजिटल सही नाही, फाइल आजवर कुणी पाहिलेली नाही, आणि आतला कोड गुंडाळून ठेवलेला. तुमच्या निष्पाप प्रोजेक्टमध्ये ही सगळी लक्षणे आहेत! फाइल क्वारंटाइनमधून परत आणता येते. व्हायरसटोटलवर टाकली तर अनेक अँटीव्हायरसांचे मत एकाच वेळी कळते. मात्र तिथे घरची खासगी कागदपत्रे टाकू नयेत.

आणि क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत "आधी अँटीव्हायरस बंद करा" अशी चिठ्ठी असेल तर तिथे संन्यासी वगैरे कोणी नाही. चोरानेच कुत्रा बांधून ठेवायला सांगितलंय.

कधी खुद्द पहारेकरीच घसरतो. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकॅफीच्या एका अपडेटने विंडोज एक्सपीचीच एक महत्त्वाची फाइल व्हायरस ठरवली आणि मशीन्स पुन्हा पुन्हा रिस्टार्ट होऊ लागली. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइकच्या सदोष अपडेटने, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स निळ्या पडद्यावर अडकली. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. क्राउडस्ट्राइकच्या वेळी उपाय काय होता? सेफ मोडमध्ये जाऊन एक सदोष फाइल काढणे. फॉरमॅट नव्हे! ज्यांची डिस्क बिटलॉकरने बंद होती त्यांना मात्र रिकव्हरी की शोधत बसावे लागले. तेव्हा घरच्या लॅपटॉपची ती की आजच वहीत उतरवून ठेवा.

आणि खरंच व्हायरस असला तर?

नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. फोटो आणि कागदपत्रे बाहेरच्या डिस्कवर घ्या, एक्झी फाइल्स घेऊ नका. मग डिफेंडरचा 'ऑफलाइन स्कॅन' चालवा. यात मशीन रिस्टार्ट होते आणि विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेल्याला पळायला जागा राहत नाही. बँकेचे आणि मेलचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. एवढे करूनही त्रास संपला नाही तर फॉरमॅट करायला हरकत नाही. पण त्याआधी बॅकअप घेतलेली डिस्क दुसऱ्या मशीनला लावून चार फोटो उघडून बघा. कॉपी केली म्हणजे कॉपी झाली असं नसतं!

अँटीव्हायरस पुन्हा टाकता येतो, विंडोजही पुन्हा टाकता येते. ताईच्या लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. या सुट्टीत बाबांनी "बघ जरा" म्हटलं की सीडी नाहीतर बूटेबल पेनड्राइव्ह शोधायच्या आधी खरंच 'बघा' जरा.